लिंक पाठवू नकोस, माणसं बोलाव

पत्र :
ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे. कऱ्हाडजवळच्या एका गावात राहतो, दूध संकलन केंद्रावर काम करतो. दोन वर्षांत मित्रांना घेऊन मोबाईलवर तीन शॉर्ट फिल्म केल्या. खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि वडापाव. तिसरी फिल्म १४ मिनिटांची आहे. आजी, तिची म्हैस आणि ती म्हैस विकायला पुण्याहून आलेला मुलगा. आजीचं काम माझ्या सख्ख्या आजीनंच केलंय. लिंक दीडशे जणांना पाठवली. उत्तरं आली : ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘एक नंबर भावा’ आणि नुसते अंगठे. त्यातून सुधारायचं काय, तेच कळत नाही. दोन फेस्टिवलना फी भरून पाठवली, दोन्हीकडून नकार आला, कारण नाही. या क्षेत्रातल्या एका ज्येष्ठांना दाखवली, तर म्हणाले, ‘नाद सोड, नोकरी बघ.’ मोबाईलवर केली म्हणूनच कुणी मनावर घेत नाही असं वाटतं. ४० हजारांचं कर्ज काढून कॅमेरा घेऊ का? आणि खरा अभिप्राय मागायचा कुणाकडे? पुन्हा शूट करावं म्हटलं, तर मागचा ऊसही तुटून गेलाय.
– एक वाचक, ता. कऱ्हाड

प्रिय मित्रा,

कर्ज काढू नकोस. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

पत्रासोबत पाठवलेली तुझी फिल्म मी तीनदा पाहिली. एकदा मोबाईलवर, एकदा टीव्हीवर आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून. मी फिल्मच्या संकलनाचं, म्हणजे एडिटिंगचं काम करते, त्यामुळे आवाज बंद करून पाहायची सवय आहे. आवाज नसताना तुझी फिल्म जास्त चांगली वाटली. म्हणजे चित्रातून गोष्ट सांगणं तुला जमतंय. आवाजाकडे मात्र तू अजून वळलेलाच नाहीस.

नवव्या मिनिटाला आजी खुंट्याचं दावं सोडते. गाठ सुटते, तरी तिचा हात दाव्यावरून निघत नाही. तू तिथे कट केला नाहीस. ११ सेकंद तसाच थांबलास. दुसऱ्या कुणी आजीच्या डोळ्यांतलं पाणी जवळून दाखवलं असतं आणि वर बासरी लावली असती. तू हातावर थांबलास. तो शॉट मोबाईलचा आहे की महागड्या कॅमेऱ्याचा, हे पाहताना माझ्या मनातही आलं नाही.

पण तिथवर पोचायला प्रेक्षकाला फार चालावं लागतं. सूर्योदय, ऊस, ओढा, पुन्हा ऊस, मग तुझं नाव, ग्रुपचं नाव, फिल्मचं नाव. गोष्ट सुरू होईपर्यंत १ मिनिट ४० सेकंद गेलेले असतात. ऊस छान टिपला आहेस, पण ऊस तुमच्या भागात सगळ्यांनीच टिपला आहे. आजी फक्त तुझ्याकडे आहे. धार काढतानाच्या तिच्या हातांपासून सुरुवात कर. सगळी नावं शेवटी टाक.

दुसरी गोष्ट, मुलाची भाषा. आजी म्हणते, ‘न्हाई म्हंजे न्हाई,’ आणि ते थेट काळजात जातं, कारण ते तिचं बोलणं आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, तू व्यावहारिक विचार करायला हवास.’ हे वाक्य कागदावरून उचलून त्याच्या तोंडात ठेवलेलं आहे. जो त्याच गोठ्यात शेणघाण काढत वाढला आणि आता दहा वर्षं पुण्यात आहे, तो कसा बोलेल? सुरुवातीला पुण्याचं बोलेल, आणि चिडला की गावाकडचं सुटेल तोंडातून. तुझ्या गोष्टीतलं भांडण त्या बदलत्या बोलीत आयतंच दडलेलं आहे. त्या मित्राला संवाद पाठ करायला देऊ नकोस. प्रसंग समजावून सांग, त्याला त्याच्या शब्दांत बोलू दे आणि बोलेल ते लिहून घे.

आता आवाज. गोठ्यात तू मोबाईल सात-आठ फुटांवर ठेवून त्याच्याच माईकवर बोलणं घेतलं आहेस. त्यामुळे पत्रा, वारा, पंखा सगळे आजीच्या पुढे येऊन बोलतात. कॅमेऱ्यासाठी उसनवारी करण्यापेक्षा हाताशी असतील त्यातले हजाराच्या आसपास कॉलर माईकला लाव. तेही नसतील, तर दुसऱ्या मित्राचा मोबाईल रेकॉर्डिंग सुरू करून आजीच्या पदराआड खोचून ठेव. शॉट सुरू होताना एक टाळी वाजव, म्हणजे एडिटला चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतील. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवायची, ही आवाजवाल्यांची जुनी युक्ती आहे. आणि प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा आवाज अर्धा मिनिट घेऊन ठेव. सगळे तिथेच उभे, कुणी बोलायचं नाही. दोन शॉटमधली भोकं बुजवायला तोच उपयोगी पडतो.

मागे तू एका गाजलेल्या सिनेमाची धून लावली आहेस. ती काढ. तशा संगीताचे हक्क कुणाच्या तरी मालकीचे असतात, आणि परवानगी नसली तर चांगला फेस्टिवल फिल्म घेत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. तुकोबांचा अभंग सगळ्यांचा आहे, पण अलीकडे एखाद्या गायकानं गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही. आणि तुला धून हवीच कशाला? तू दुधाच्या धंद्यात आहेस. रिकाम्या चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज आणि भरत आलेल्या चरवीतल्या धारेचा आवाज किती वेगळा असतो, हे माझ्यापेक्षा तुझ्या कानांना जास्त कळतं. फिल्म पहिल्या आवाजानं सुरू होऊन दुसऱ्यावर संपली तर? आजीला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर विचार. येत असतील आणि तिची खुशी असेल, तर तिच्याच आवाजात घे.

गोठ्यातल्या शॉटमध्ये दिव्याचे आडवे पट्टे सरकताना दिसतात, त्याचंही कारण सांगते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूब किंवा स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मोबाईल आपोआप सेकंदाला ३० फ्रेमवर (म्हणजे चित्रांवर) आणि १/६० शटरवर (म्हणजे एकेका चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड) जातो, आणि दोघांचा ताल जुळत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलंस, तर बहुतेक वेळा पट्टे जातील. त्यासाठी ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा अ‍ॅप फुकट मिळतं, आणि एडिटसाठी त्यांच्याच दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुला पुष्कळ आहे.

तुटलेल्या उसाचं दुःख मला समजतं. सत्यजित राय पहिल्या चित्रपटाच्या वेळी काश नावाच्या गवताच्या फुलांच्या रानात शूट करत होते. पुढच्या रविवारी उरलेला भाग घ्यायला गेले, तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. त्यांना पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. तुला थांबायची गरज नाही. ज्या प्रसंगात ऊस दिसतो त्याला हात लावू नकोस. मुलाचं बोलणं तेवढं घराच्या आत पुन्हा घे, दारातून येणाऱ्या उजेडात, तो उजेड चेहऱ्यावर परतवायला समोर एक पांढरा थर्माकोल धरून.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते तुझी खरी अडचण अभिप्राय मागण्याच्या पद्धतीत आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक गेली की माणूस ती कुठे पाहतो? एसटीत, जेवताना, आवाज बारीक करून, नाहीतर पाहतच नाही. पण तू वाईट वाटून घेऊ नयेस म्हणून अंगठा पाठवतो. ‘नाद खुळा’ म्हणजे ‘तू आमचा आहेस’. ते प्रेम खरं आहे, ते जपून ठेव, पण त्याला अभिप्राय समजू नकोस.

आठ-दहा माणसं घरी बोलाव. त्यातली निम्मी तरी तुला फारशी ओळखत नसलेली असू देत. केंद्रावर दूध घालायला येणारी, जिनं स्वतःची म्हैस विकली आहे अशी एखादी मावशी हवीच. कऱ्हाडात एकांकिका करणारं कुणी असेल तर त्याला बोलाव. गोठा कधी न पाहिलेला शहरातला एक जण असू दे. फिल्ममध्ये काम केलेले मित्र मात्र नकोत, त्यांना पुढच्या वेळी. वायर लावून किंवा पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर दाखव. आधी काहीही सांगायचं नाही. ‘बजेट नव्हतं’, ‘आवाज थोडा खराब आहे’, ‘पहिलाच प्रयत्न आहे’, यातलं एक वाक्यही नाही. तसं बोललास की माणसं फिल्म पाहायचं सोडून तुला सांभाळून घ्यायला लागतात.

तू स्वतः टीव्हीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून बस. हातात वही आणि घड्याळ. कितव्या मिनिटाला कुणी मोबाईल काढला, कुणी कूस बदलली, कुठे कुजबुज झाली, कुठे सगळं घर गप्प झालं, ते लिही. तोंडानं माणूस भिडेखातर काहीही बोलेल. अंगाला ते जमत नाही.

मी हे माझ्या एका फिल्मवर शिकले. पुण्यात आमच्या घरी ११ जणांना रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, दाखवला होता. संपल्यावर जवळजवळ सगळे म्हणाले, शेवट पटला नाही. मी दोन आठवडे शेवटाशी झगडत बसले, चार वेगळे शेवट लावून पाहिले. मग वही उघडली. सहाव्या मिनिटाच्या सुमाराला चार जणांनी एकापाठोपाठ चिवड्याच्या ताटलीकडे हात नेला होता. तिथला एक लांबलेला प्रसंग ५० सेकंदांनी कापला आणि शेवट होता तसाच ठेवला. पुढच्या वेळी वेगळ्या नऊ जणांना दाखवला, तेव्हा शेवटाबद्दल कुणी तक्रार केली नाही. मधे सुटलेला धागा त्यांना शेवटी हाताशी लागत नव्हता, एवढंच होतं.

वॉल्टर मर्च या अमेरिकन संकलकानं यासाठी वैद्यकातला दाखला दिला आहे. दुखतं कोपर, पण नस दबलेली असते खांद्यात. आपल्याकडे सायटिका झालेल्या माणसाला विचार, कळ पायात जाते आणि डॉक्टर कंबर तपासतात. प्रेक्षक ‘इथे दुखतंय’ म्हणतो ते खरंच असतं, त्यावर वाद घालायचा नाही. पण उपाय त्याच जागी असेल असं नाही, आणि उपाय सांगणं हे त्याचं कामही नाही. ‘इथे एक गाणं टाक’ असं कुणी म्हणालं, तर गाणं टाकू नकोस. त्याला तिथे रिकामं का वाटलं, ते शोध.

फिल्म संपली की लगेच दिवा लावून ‘कशी वाटली?’ विचारू नकोस. त्या प्रश्नाला एकच सभ्य उत्तर असतं. आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी दे, आणि लिहायला नको असेल त्याच्याकडून बाजूला जाऊन ऐक. गावात याला फार महत्त्व आहे. वयानं किंवा मानानं मोठा माणूस आधी बोलला, की मागचे सगळे ‘अगदी बरोबर’ म्हणतात आणि तुझ्या हाती दहा जणांचं एकच मत येतं. मग चर्चा करायची असेल तर सगळ्यात लहानाला आधी बोलतं कर.

विचारायचं काय? पहिला प्रश्न, ‘गोष्टीत काय झालं ते सांगा.’ यात जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशात कळत नाही. मी तुझी फिल्म माझ्या शेजारणीला दाखवून हाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘मुलाला कर्ज झालंय म्हणून तो म्हैस विकतोय.’ तुझ्या फिल्ममध्ये कर्जाचा उल्लेख नाही. आजीला आता झेपत नाही म्हणून तो विकतो, असं तुझ्या मनात असावं, पण ते पडद्यावर आलेलं नाही. आजी एकदा उठताना खुंटा धरून उठली असती, तरी पुरलं असतं. मग विचार, ‘कुठे गोंधळ झाला? कुठे कधी संपतंय असं वाटलं? घरी गेल्यावर काय आठवेल?’ आणि उत्तरं ऐकताना गप्प राहा. ‘नाही, तिथे मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळ. तुझी फिल्म कुठेतरी लागेल तेव्हा समजावून सांगायला तू तिथे नसशील.

तीन जणांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर ती जागा उघड. एकट्यानंच काही सांगितलं आणि ते ऐकून पोटात खड्डा पडला, तर तीही उघड. बाकीचं वहीत राहू दे.

त्या ज्येष्ठांच्या बोलण्यानं तुला लागलंय, ते पत्रात दिसतं. ‘नाद सोड, नोकरी बघ’ या चार शब्दांत फिल्मबद्दल एकही शब्द नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? ते तुझ्या पोटापाण्याबद्दल बोलले. कदाचित स्वतःचे हाल आठवून, काळजीनंही बोलले असतील. मलाही सुरुवातीला एका मोठ्या माणसानं फोनवर बोलत बोलत माझी फिल्म पाहून असाच निकाल दिला होता, आणि मी वर्षभर काही केलं नाही. ते वर्ष गेलं ते गेलंच. पोटापाण्याबद्दलचा त्यांचा सल्ला ऐक, संकलन केंद्रावरचं काम सोडू नकोस. फिल्मबद्दल ते काही बोललेले नाहीत, तेव्हा त्यांच्याकडून फिल्मबद्दल काही मनाला लावून घेऊ नकोस.

फेस्टिवलचा नकार हाही अभिप्राय नसतो. बहुतेक ठिकाणी जागा थोड्या, फिल्म ढीगभर, आणि कारण कळवायला माणूस नाही. फी भरण्याआधी एवढं पाहा : गेल्या वर्षी फिल्म खऱ्या सभागृहात दाखवल्या का, निवड कुणी केली, निवडलेल्यांची यादी उघड आहे का. दर महिन्याला पुरस्कार वाटणाऱ्या आणि नुसतं ऑनलाईन प्रशस्तिपत्र पाठवणाऱ्या ठिकाणी पैसे घालू नकोस. माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा मिफ महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो. निदान एकदा तिथे जाऊन प्रेक्षक म्हणून बस. आणि नवा कट यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुला ठेवू नकोस. आधीच खुली झालेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. पासवर्डची लिंक ठेव. लांबीचंही बघ. तुझी १४ मिनिटांची फिल्म मला नऊ-दहा मिनिटांत मावणारी दिसते.

अजून एका गोष्टीवर थांबते, कारण ती पत्रात तू एका ओळीत उरकलीस. ‘खर्च म्हणाल तर पेट्रोल आणि वडापाव.’ दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा चित्रपटाला पैसे द्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि दाण्याचा वेल होताना दाखवणारी छोटीशी फिल्म केली. ती पाहून लोकांचा विश्वास बसला आणि भांडवल उभं राहिलं. आपल्याकडची ही बिनपैशाची शॉर्ट फिल्मच म्हणायची. पण पुढे ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि युनिटचा स्वयंपाक करून वर कच्च्या फिल्मच्या पट्टीच्या कडांना भोकं पाडण्याचं, ती धुण्याचं कामही त्यांनी केलं. खर्च झालाच, तो एका बाईनं अंगावर घेतला.

तुझ्याही फिल्मचा खर्च कुणीतरी केला आहे. रात्री साडेअकरापर्यंत बॅटरी धरून उभा राहिलेला मित्र, चहा करणारी आई, ज्यांची म्हैस दोन दिवस वेळेवर पिळली गेली नाही ते शेजारी. आणि या वयात पाच-पाच टेक देणारी आजी. शेवटच्या नावांत तुझं नाव तीनदा आहे. आईचं नाही, म्हशीच्या मालकाचंही नाही. कॅमेऱ्याच्या ४० हजारांतले दोन हजार खरोखर हाताशी असतील, तर पुढच्या शूटला सगळ्यांना वेळेवर गरम जेवण दे. आजीचा चेहरा सगळ्या जगासमोर जाणार आहे, तेव्हा तिला पूर्ण फिल्म दाखवून विचार, चालेल का. तू पत्रात दीडशे जणांना लिंक पाठवल्याचं लिहिलं आहेस, पण आजीनं फिल्म पाहिल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

दिवाळीच्या आत नवा कट पाठव. फाईलच्या नावात ‘फायनल’ नको, तारीख टाक. वहीची पानंही फोटो काढून पाठव, ती मला फिल्मइतकीच पाहायची आहेत.

आणि त्या म्हशीचं नाव काय? १४ मिनिटांत आजीच्या तोंडून एकदाही आलं नाही.

तुझी,
ताई